हाडांचा पत्ता

१९८१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, म्हणजे जीएसआयचे, जी. एन. द्विवेदी आणि धनंजय मोहबे हे दोघं गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली गावी नकाशाच्या कामावर होते. तिथं सिमेंटसाठी चुनखडी काढणारी खाण होती. खाणीतल्या कामगारांनी त्यांच्यापुढे काही गोल दगड ठेवले. तोफेच्या गोळ्यासारखे, सगळे साधारण एकाच मापाचे. ती डायनोसॉरची अंडी निघाली. पाठोपाठ त्याच परिसरात हाडांनी भरलेला थर सापडला, आणि पुढच्या खोदकामातून जे निघालं त्यातून राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर उभा राहिला. त्याचं बारसं व्हायला मात्र २००३ साल उजाडलं.

ही हकीकत सांगताना सगळा भर त्या गोल दगडांवर पडतो, आणि ते साहजिकच आहे. पण मला नेहमी वाटतं, योगायोगाचा वाटा तिथं संपला होता. खाणकामगाराचा हात दिवसभर दगडावर असतो. हजार दगडांत एक वेगळा आला की त्याला तो लगेच कळतो, कारण सुरुंगानं फुटलेला दगड कधी गोल नसतो. कामगारांनी दगड दाखवला यात नशीब कमी आणि नजर जास्त होती. त्यानंतरचा प्रश्न कुणाच्याही नशिबावर सोडण्यासारखा नव्हता: हा दगड नेमका कुठून काढला? कोणत्या थरातून, शेजारी काय होतं, कोणती बाजू वर होती? हातात आणून दिलेल्या दगडानं आपला पत्ता मागेच टाकलेला असतो. आणि जीवाश्मांच्या कामात वस्तूइतकाच, पुष्कळदा वस्तूपेक्षा जास्त, पत्ता मोलाचा असतो.

आधी त्या गोल दगडांविषयी थोडं, कारण फसगत तिथूनच सुरू होते. आपल्याकडे दर एकदोन वर्षांनी कुठल्या तरी विहिरीच्या कामात ‘डायनोसॉरची अंडी’ सापडल्याची बातमी येते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. तो झिजतो तेव्हा त्याचे चौकोनी तुकडे कडांनी आधी कुजतात आणि आत गोल गाभा उरतो. वरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. दिसायला अगदी टरफल. दुसरा फसवा गोळा चुनखडीचा: मातीत चुना साकळून बनलेले कंकर कधी कधी चेंडूएवढे होतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर बेसाल्ट गप्प राहतो, अंड्याचं कवच फसफसतं. पण कंकरही तितकाच फसफसतो, त्यामुळे या परीक्षेत एक भामटा पकडला जातो आणि दुसरा सुटतो. खरी खूण कवचाच्या कडेवर असते. लामेटा नावाच्या थरातली ही अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. कवच एकदोन मिलिमीटर जाडीचं, सगळीकडे जवळपास सारखं. फुटलेली कड भिंगाखाली धरली की आतून बाहेर उघडत जाणारे स्फटिकांचे पंखे एकाला एक लागून उभे दिसतात, आणि बाहेरच्या पृष्ठभागावर बारीक बारीक गाठी. बेसाल्टच्या पापुद्र्याला पंखे नसतात, कंकराला कवचच नसतं.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी असे गोळे ‘काकर भैरव’ म्हणून शेतात पुजले जात होते, अशा बातम्या २०२३ च्या डिसेंबरात आल्या. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. शेंदूर लावलेला दगड निदान कुणी फोडून पाहत नाही, आणि तो कुठल्या शेतातून आला हे गावाला पक्कं ठाऊक असतं. त्याच वर्षी जानेवारीत त्याच जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. घरटी मोजता आली, कारण अंडी जागच्या जागी होती. तीच २५६ अंडी कुणी पोत्यात भरून आणली असती तर ती फक्त २५६ अंडी राहिली असती.

ही अंडी ज्या थरात मिळतात त्याला लामेटा म्हणतात. नाव पडलं जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून. दख्खनचा लाव्हा पसरण्याच्या आधीची ही जमीन: नद्यांचा गाळ, तळ्यांचा चिखल, कोरड्या हंगामात वर साकळलेला चुना. मग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि त्यानं हे सगळं झाकून टाकलं. म्हणून लामेटा दिसतो तो लाव्हाच्या कडेकडेनं, जिथं वरचं झाकण झिजून गेलं आहे तिथं: जबलपूर, धार, गुजरातेतला हा पट्टा, आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूर. पुण्या-नाशकाखाली तो थर कुठे असलाच तर शेकडो मीटर पाषाणाखाली. सह्याद्रीत डायनोसॉर शोधणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं, पण त्याला इलाज नाही.

इथलं पहिलं हाड सापडलं १८२८ मध्ये, जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर. सापडलं ते कॅप्टन स्लीमनला, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच. दगड झालेल्या लाकडाच्या मागावर असताना त्याच्या हाती मोठे मणके लागले. ‘डायनोसॉर’ हा शब्दच तेव्हा जन्मला नव्हता, तो १८४२ चा. मणके स्पिल्सबरी या डॉक्टरकडे गेले, तिथून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे, आणि १८७७ मध्ये लायडेकर या इंग्रज अभ्यासकानं शेपटीच्या दोन मणक्यांवरून नाव दिलं: टायटॅनोसॉरस इंडिकस. पुढे ती हाडं संग्रहालयाच्या पोटात अशी काही हरवली की छडा लागायला २०१२ उजाडलं. नावाचं तर त्याहून वाईट झालं. त्या मणक्यांची जी खूण वेगळी वाटली होती, ती जगभरच्या डझनावारी जातींत निघाली. दोन सुट्या मणक्यांना बाकीचा सांगाडा जोडून दाखवील असं जागेवर काही नोंदलेलंच नव्हतं. २००३ मध्ये ते नाव अभ्यासकांनी बाद ठरवलं.

त्याच बडा सिमला टेकडीवर १९१७ नंतर चार्ल्स मॅटली या इंग्रज भूवैज्ञानिकानं खोदकाम केलं. एका ठिकाणी त्याला कमरेची हाडं, पायाचं हाड, आणि अंगावरच्या चिलखतासारखी हाडांची खवलं मिळाली. एकत्र मिळाली म्हणून एकाच प्राण्याची, असं धरून १९२३ मध्ये त्यानं लामेटासॉरस नावाचा चिलखती डायनोसॉर उभा केला. पुढच्या अभ्यासकांनी तो उकलला: कंबर आणि पाय मांसाहारी डायनोसॉरचे, खवलं दुसऱ्याच कुणाची. मॅटली अडाणी नव्हता, कष्टाळू आणि जाणता माणूस होता. पण पुरात वाहून आलेल्या हाडांचा थर म्हणजे लग्नघराबाहेरचा चपलांचा ढीग. शेजारी पडलेल्या दोन चपला एका माणसाच्या असतीलच असं नाही. कोणती कशावर, कोणत्या अंतरावर, कुठल्या दिशेला तोंड करून पडली आहे हे पाहावं लागतं. मॅटलीच्या काळी ते इतक्या बारकाईनं पाहायची रीत रुजलेली नव्हती.

आता ती रीत काय आहे ते सांगतो, कारण ‘उत्खनन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ब्रश येतो. ब्रशचं काम पाच टक्के. बाकी टिकाव, घमेलं, गोणपाट आणि पीओपी.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पावसाळ्यात लामेटातली चिकणमाती फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. या फुगण्या-फाटण्यानंच वरवरची हाडं दरवर्षी चुरा होतात, नांगराचा फाळ उरलेलं काम करतो. हाड शोधायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं, तिरप्या उजेडात पृष्ठभागाचा पोत उठून दिसतो. भर दुपारी सगळं एकसारखं पांढरं. शंका आली तर तुकडा जिभेला लावून पाहायची जुनी युक्ती आहे: हाडातली बारीक छिद्रं ओल ओढून घेतात आणि तुकडा जिभेला चिकटतो. पण छिद्रं चुन्यानं गच्च भरलेली असली तर हाडही चिकटत नाही आणि कोरडी चिकणमाती मात्र चिकटते, तेव्हा जिभेवर फार भरवसा ठेवू नये. भिंगाखाली फुटलेल्या कडेवर पावासारखी जाळी दिसली तर हाड.

उतारावर तुकडे सापडले की पहिला मोह ते वेचायचा होतो. तो आवरायचा. तुकडे वरून घरंगळत आलेले असतात, म्हणून प्रत्येक तुकड्याजागी खूण रोवत वर चढत जायचं. जिथं तुकडे एकदम थांबतात, तिथंच आसपास थर असतो. आधी वेचून पिशवीत भरले तर ही वाट पुसली जाते आणि मग टेकडीभर नुसती भोकं पाडत बसावं लागतं.

थर कळला की वरचं ओझं काढायचं. मुरूम, माती, काही ठिकाणी कठीण चुनखडीचा थर. टिकाव-पहार हाडांच्या थराच्या साधारण एक फूट वर थांबवायची. मजूर थांबत नाहीत ही नेहमीची तक्रार असते, पण त्यांना कुठं थांबायचं ते रंगानं किंवा दोरीनं दाखवलेलंच नसतं. नुसतं ‘जपून’ म्हटलं की प्रत्येकाचं जपून वेगळं. तिथून खाली छिन्नी, दाभण, दाताच्या डॉक्टरची आकडी आणि बांबूची टोकदार काडी. ओल्या मातीत बांबू लोखंडापेक्षा चांगला, हाडावर ओरखडा उठत नाही.

मग पत्त्याचं काम. खुंट्या आणि सुतळीनं जमिनीवर मीटर बाय मीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला नाव: अ-१, अ-२. कागदावर १:१० चं प्रमाण, म्हणजे जमिनीवरचे १० सेंटिमीटर कागदावर एक. ओळंबा सोडून हाडाची दोन्ही टोकं चौकोनाच्या कोणत्या बिंदूवर येतात ते मोजायचं, होकायंत्रानं लांबीची दिशा, कोनमापकानं कल, आणि एका ठरलेल्या बिंदूपासून खोली. प्रत्येक हाडाला क्रमांक, तोच क्रमांक नकाशावर, वहीत, फोटोतल्या पाटीवर आणि हाडाच्या पुडीत. चारही ठिकाणी. यातलं एक ठिकाण हमखास चुकतं, म्हणून चार. आता फोटोंवरून संगणकात खड्ड्याची त्रिमिती प्रतिमा करता येते आणि ती फार उपयोगी असते, तरी हातानं काढलेला नकाशा सोडू नये असं माझं मत आहे. हातानं काढताना माणूस प्रत्येक हाडाकडे निदान दोन मिनिटं बघतो. कॅमेरा बघत नाही.

उघडं पडलेलं हाड लगेच तडकू लागतं. कोट्यवधी वर्षं ज्या ओलाव्यात होतं तो तासाभरात उडतो. म्हणून त्याला पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक राळेचं द्रावण पाजतात, ॲसिटोनमध्ये विरघळवून. इथं नवख्यांची ठरलेली चूक: द्रावण घट्ट केलं की हाड जास्त मजबूत होईल असं वाटतं. घट्ट द्रावण आत जातच नाही, वर कातडं धरतं, आणि पुढे ते कातडं हाडाचा पापुद्रा घेऊनच सुटतं. आधी पातळ, तीन-पाच टक्क्यांचं, थेंब थेंब, हाड पिईल तितकं. तुकडे चिकटवायला तेच, पण ३०-४० टक्क्यांच्या वर. हाड ओलं असेल तर हे द्रावण पांढरं फटक पडतं आणि काही धरून ठेवत नाही. आधी सावलीत सुकू द्यायचं. सुताराचा पांढरा डिंक स्वस्त आणि हाताशी असतो, पण काही वर्षांनी तो असा बसतो की पुन्हा सोडवता येत नाही. आज जोडलेलं उद्या चूक ठरू शकतं, तेव्हा जोड सुटला पाहिजे. पूर्वी लाख वापरत. संग्रहालयातली ती काळीकुट्ट चकचकीत हाडं त्या लाखेची.

हाड मोकळं करून उचलायचं नसतं. सभोवतालच्या दगडासकट उचलायचं असतं. हाडाभोवती हातभर अंतर सोडून चर खणायचा, मग बाजूनं आत कोरत जायचं, म्हणजे हाड एका बुटक्या खांबावर, अळंब्याच्या टोपीसारखं उरतं. रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त आत कोरलं की टोपी आपल्याच वजनानं मोडते. वजनाचा अंदाज आधीच करावा. दगड घनमीटरला अडीच टनांच्या आसपास, म्हणजे एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर जाड ठोकळा ६०० किलोचा. डोळ्याला तो ‘चार माणसांत उचलू’ असा दिसतो. चार माणसांत तो हलत नाही, आणि आठ माणसांना धरायला जागा पुरत नाही. जास्तीचा दगड आत्ताच तासून टाकायचा.

आता पलिस्तर. आधी हाडावर ओल्या टिश्यूचे किंवा वर्तमानपत्राचे तीनचार थर, ब्रशनं थोपटून, एकही जागा उघडी न ठेवता. हा थर विसरला तर पीओपी थेट हाडाला धरतो, आणि प्रयोगशाळेत पीओपी निघताना हाडाचा पृष्ठभाग, म्हणजे ज्यावर स्नायूंच्या, दातांच्या खुणा असतात तोच भाग, निघून जातो. गोणपाटाच्या १०-१५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या आधीच पाण्यात भिजवून पिळून ठेवायच्या. कोरडं गोणपाट पीओपीतलं पाणी शोषून घेतं आणि मग पीओपी भुसभुशीत राहतो. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी नाही. मुठीनं भुरभुरत राहायचं, पाण्यावर पावडरीची बेटं उभी राहिली की थांबायचं, मिनिटभर मुरू द्यायचं आणि हातानं हलकं ढवळायचं. दाटपणा बासुंदीचा. हाताशी दहा ते वीस मिनिटं. मागच्या घाण्याचा कडक झालेला थर बादलीत राहिला असेल तर पाच मिनिटांतच सगळं धरतं, म्हणून प्रत्येक घाण्याला बादली खरवडून. उलट ओल लागलेल्या पोत्यातली पावडर धरतच नाही; ती हाडावर लावून मग कळण्यापेक्षा आधी वाटीभर कालवून पाहावी.

पट्ट्या एकमेकींवर अर्ध्या चढवत, आडव्या, मग उभ्या, तीनचार थर, आणि टोपीच्या खालच्या बाजूला वळवून ओठासारख्या आत घेतलेल्या. मोठ्या ठोकळ्याला बांबूच्या कांबी मध्ये गुंडाळायच्या. पीओपी धरताना गरम होतो, नंतर थंड पडतो. थंड पडेपर्यंत हात लावायचा नाही. अंगावर क्रमांक, तारीख, उत्तरेचा बाण आणि ‘वरची बाजू’ असं ठळक लिहायचं. या शेवटच्या दोन खुणा किती जण विसरतात हे सांगितलं तर पटणार नाही. उत्तरेचा बाण नसला तर खड्ड्यात इतक्या कष्टानं मोजलेली दिशा ठोकळ्याला पुन्हा लावताच येत नाही.

मग पालटणं. सगळ्यांच्या पोटात गोळा येतो तो क्षण. खांबाच्या बुडाशी चारी बाजूंनी पहारी-छिन्न्या मारून तडा घ्यायचा आणि ठोकळा एका झटक्यात उलटा करायचा. दबकत दबकत केलं तर अर्ध्यात तो उभा राहतो आणि आतली सुटी माती हाडासकट खालून ओघळते. पीओपी आणि दगड यांच्यात पोकळी राहिली असेल तरी तेच होतं: वरून ठणठणीत कवच आणि आतून कवडीमोल ढीग. बोटानं वाजवून पाहिलं तर पोकळ जागा आवाजावरून कळते. उलटल्यावर उघड्या तोंडावर पुन्हा कागद, पुन्हा गोणपाट.

ट्रकमध्ये जुने टायर आणि गवताच्या पेंढ्या. आणि ठोकळे आठवड्या-दोन आठवड्यांत वाळायला उघड्यावर ठेवावेत, नाहीतर गोणपाटाला बुरशी धरते आणि आतली चिठ्ठी पहिल्यांदा खाल्ली जाते.

प्रयोगशाळेत यातलं प्रत्येक पाऊल उलट्या क्रमानं. दगड काढायला हवेच्या दाबावर चालणारी पेन्सिलीएवढी छिन्नी. लामेटाचा दगड चुनखडीचा, म्हणून काही वेळा पातळ ॲसेटिक आम्लात ठेवून तो विरघळवतात; हाड फॉस्फेटचं असतं, ते टिकतं, तरी द्रावणात आधीच कॅल्शियम फॉस्फेट मिसळून ठेवतात म्हणजे आम्लाची भूक तिथंच भागते. अंड्यांना मात्र हे आम्ल कधीही नाही. कवचही चुन्याचंच. सकाळी अंडं ठेवलं तर संध्याकाळी साचा राहील. खड्ड्यात एक दिवस तर टेबलाशी कित्येक दिवस, असा हिशेब असतो. संस्थांच्या गोदामांतून न उघडलेले ठोकळे वर्षानुवर्षं पडून असतात ते यामुळे. खणायला पैसे मिळतात, बसून खरवडायला मिळत नाहीत.

रैयोलीकडे परत. तिथली हाडं जीएसआयच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ पासूनच्या खोदकामात काढली, आणि काढताना कोणतं हाड कुठं पडलं होतं याचा तपशीलवार नकाशा केला. तोही पुरात आलेला ढीगच होता. शाकाहारी राक्षसांची हाडं आणि मांसाहाऱ्याची हाडं त्यात मिसळलेली. हाडं जयपूरच्या कार्यालयात गेली. २००१ मध्ये अमेरिकेचे जेफ विल्सन आणि पॉल सेरेनो, चंदीगडचे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी ती पाहायला बसले, तेव्हा त्यांच्यापुढे एका टेबलावर हाडं होती आणि दुसऱ्यावर तो कागद. कागदावर कमरेची हाडं एकमेकांच्या जवळ होती. डावं, उजवं, मधलं. टेबलावर ती जुळली. एकदा कंबर एका प्राण्याची ठरली की तिच्या आसपासचे पायाचे, शेपटीचे, कवटीचे तुकडे मापानं बसवत जाता येतं. डोक्यावर एक बुटकं, बोथट शिंग होतं. राजासॉरस नर्मदेन्सिस: नर्मदेकाठचा राजा. लांबी अदमासे साडेसहा मीटर.

बडा सिमल्याला आणि रैयोलीला हाडं जवळपास सारखीच होती, ढीगही सारखाच. एका ठिकाणातून चिलखत घातलेला भुताटकीचा प्राणी निघाला, दुसऱ्यातून राजा. खणणाऱ्यांच्या हुशारीत फरक होता असं मी म्हणणार नाही. कागदात होता.

आपल्या चंद्रपूरचंही इथं नाव घ्यायला हवं. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याची हाडं एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. तिथं ती शेतात नांगरामागे वर येतात, डायनोसॉरची दगड झालेली विष्ठाही येते, आणि त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा गवताचा इतिहासच मागे ढकलावा लागला. पण शेतातून वेचलेलं हाड हे वेचलेलं हाड. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते ८६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं पद्धतशीर खोदकाम केलं आणि एकाच प्राण्याचा मोठा भाग हाती आला: मानेपासून शेपटीपर्यंतचे मणके, बरगड्या, खांदा, कंबर, पुढच्या पायाचं सुमारे दीड मीटरचं हाड. कवटी आणि मागचे पाय नाहीत. १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं, आणि २००३ मध्ये टायटॅनोसॉरस हे नावच बाद झालं तेव्हा या वैदर्भी प्राण्याला स्वतःचं घर मिळालं: आयसिसॉरस. त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावानं डायनोसॉर, ही गोष्ट विदर्भातल्या शाळांत शिकवली जायला हरकत नव्हती.

आणि एक ठोकळा असा, जो फोडला नाही म्हणून बोलला. गुजरातेतच ढोली डुंगरी गावाजवळ मोहबे यांना चुनखडीत अंडी आणि शेजारी बारीक हाडं मिळाली. १९८७ मध्ये त्यांनी ती अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध केली. ठोकळा नागपुरात त्यांच्याकडे होता. कुणी उत्साहानं त्यातली हाडं सुटी करून डब्यांत भरली असती तर ‘पिल्लू’ अशी चिठ्ठी लागून प्रकरण मिटलं असतं. २००१ मध्ये जेफ विल्सननं तो पाहिला आणि काही मणक्यांवर त्याचा डोळा अडखळला: त्यांच्यावर जादा सांधे होते, एकमेकांत खुंटी-खाच बसणारे, सापाचे. मग परवानग्या, करार, मिशिगनला नेऊन वर्षभर सुईसारख्या अवजारांनी साफसफाई. २०१० मध्ये निष्कर्ष बाहेर आले. पिल्लू होतंच, अर्ध्या मीटरचं. साप साडेतीन मीटरचा. आजच्या अजगरासारखा त्याचा जबडा फाकत नव्हता, म्हणजे अख्खं अंडं त्याच्या तोंडात मावलं नसतं. तो पिल्लू बाहेर येण्याची वाट पाहत असावा. मग वरून गाळ आला, बहुधा वादळी पावसात कोसळलेला, आणि घरटं होतं तसं राहिलं.

सापाचं नाव सनाजे. चुनखडीत तो आजही तसाच आहे: एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं, आणि वेटोळ्यावर टेकवलेलं डोकं.